लाल टॅगवर कारण लिहावं लागतं

आळंदी देवाची

गड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज कंपनीच्या बसमध्ये ऐकला. चाकणच्या तळेगाव चौकात बस जी अडकली ती तुझं सगळं गाऱ्हाणं ऐकून होईपर्यंत हलली नाही, त्यामुळे एक शब्दही सुटला नाही असं समज. तुझ्या ओहायोतल्या शेजारच्या ज्या बाबानं तुझ्या पहिल्या हिवाळ्यात न सांगता दारातला बर्फ उपसून दिला होता, तो आता तुला बघून मान वळवतो. कारण काय, तर 2024 च्या निवडणुकीत त्याच्या हिरवळीवर एका उमेदवाराची पाटी होती आणि तुझ्या हिरवळीवर दुसऱ्याची. वर तुझी लेक म्हणते, बरंच झालं, असल्या माणसाशी बोलायचंच कशाला! तू मधल्या मध्ये. आणि मग तुझा प्रश्न, की नेत्यांवर, सरकारवर टीका तर केलीच पाहिजे, पण ती कुठे संपते आणि माणसाचा द्वेष कुठे सुरू होतो? शेवटी टोमणाही मारलास, "तू माउलींच्या दारात राहतोस, तुला ठाऊक असेल."

आळंदीकरांबद्दल बाहेरच्यांचा हा एक गोड गैरसमज आहे. अरे, वारीच्या दिवसांत खोलीच्या भाड्यावरून आणि पार्किंगवरून इथे जी भाषा चालते ती ऐकलीस तर ओहायो बरं म्हणशील. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी 'माउली' लागतं, एवढं खरं. "ओ माउली, गाडी काढा, नाहीतर हवा सोडीन." पोलीस, रिक्षावाला, हारवाला, सगळे सगळ्यांना माउलीच म्हणतात. भांडण थांबत नाही, पण आईबापापर्यंत पोचायला जरा उशीर होतो.

तेव्हा माझं उत्तर देवळातलं नाही, शॉप फ्लोअरवरचं आहे. मी क्वालिटीला आहे हे तुला माहीतच आहे. पुरवठादाराकडून आलेला पार्ट मापात बसला नाही की त्याला लाल टॅग लावून लाल बिनमध्ये टाकायचा. त्या टॅगवर एक रकाना असतो, नाकारण्याचं कारण. बोअर मोठा झालाय, कडेला बर राहिलाय, कोटिंग उडालंय, जे असेल ते मोजून लिहायचं. नवी पोरं कधी कधी वैतागून लिहितात, 'या व्हेंडरचा माल असाच असतो.' असला टॅग मी परत पाठवतो. त्यावर व्हेंडरनं करायचं काय? बोअर मोठा आहे म्हटलं तर तो टूल बदलेल, रिवर्क करून आणेल, आणि माल मापात आला की मला तो पास करावाच लागेल, मग व्हेंडरचं तोंड मला आवडो की न आवडो. टीका मी अशीच ओळखतो. समोरच्यानं काय केलं म्हणजे तुझी तक्रार मिटेल, हे ज्या तक्रारीत सांगता येतं ती टीका. त्यानं काहीही केलं तरी जी मिटणार नाही, उलट त्यानं एखादं चांगलं काम केलं तर जिची आग जास्तच होते, ती तक्रार द्वेषाची. शब्द किती कडक आहेत यावर काही ठरत नाही. साखरेत घोळलेला द्वेष मी पाहिलाय, आणि शिव्या घालत केलेली अगदी रास्त टीकाही.

आता हे मोजमाप घेऊन आमच्याच मतदारसंघात ये. आळंदी लोकसभेला शिरूरमध्ये येते. 2019 ला इथे शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर उभे होते, लागोपाठ तीनदा खासदार झालेले. समोर डॉ. अमोल कोल्हे, राष्ट्रवादीच्या घड्याळावर. कोल्हे स्वतः निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेतूनच राष्ट्रवादीत आलेले, आणि टीव्हीवरच्या संभाजीराजांच्या भूमिकेमुळे घराघरांत पोचलेले. त्या वर्षी सेनेच्या काही कार्यकर्त्यांना मनगटावरचं घड्याळसुद्धा खपत नव्हतं म्हण ना. कोल्हे जिंकले. मग 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी फुटली, आणि मार्च 2024 मध्ये आढळराव अजित पवारांच्या राष्ट्रवादीत जाऊन त्याच घड्याळावर त्याच कोल्ह्यांविरुद्ध उभे राहिले. कोल्हे शरद पवारांबरोबर, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. खेडचे तेव्हाचे आमदार दिलीप मोहिते आणि आढळराव यांचं राजकीय वैर सगळ्या तालुक्याला पाठ. मोहित्यांनी आधी उघड नाराजी दाखवली, मग दोघं एका व्यासपीठावर दिसले. 13 मेला मतदान झालं आणि कोल्हे पुन्हा निवडून आले, सुमारे 1 लाख 40 हजारांनी.

यात लाल टॅग कुठला आणि नुसती आग कुठली ते बघ. 'खासदार निवडून गेले ते परत फिरकले नाहीत,' असं 2024 ला कोल्ह्यांचे विरोधक म्हणत होते. खरं की खोटं ते सोड, पण ही टीका आहे, कारण खासदार गावोगाव हिंडले की ती संपते. 'नटच तो, नाटकंच करणार,' असं चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं तर त्यावर त्या माणसानं करायचं काय? आधीचा जन्म पुसून यायचं? तसंच पक्ष बदलला म्हणून आढळरावांना जाब विचारता येतो, अगदी खुशाल विचारावा. कोल्ह्यांच्या बाजूनं तो विचारताना फक्त आवाज जरा खाली ठेवावा लागतो, इतकंच.

पण मला तुला सांगायचंय ते नेत्यांचं नाही. इथून जवळच्या एका गावात दोन चुलतभाऊ आहेत. 2019 ला एक बाणाचा, एक घड्याळाचा. प्रचाराच्या शेवटी शेवटी एकाच्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रात्रीत कोणीतरी फाडला. फाडणारा सापडला नाही, पण संशय दुसऱ्यावर, आणि बोलणं बंद. मग बांधावरची वाट बंद. मग सामाईक विहिरीच्या मोटरवरून रोजची कुरबुर. 2024 ला नेते फिरले तसे हे दोघं एकाच पक्षात येऊन पडले. फ्लेक्सच्या तळाशी स्थानिक कार्यकर्त्यांचे हात जोडलेले छोटे छोटे फोटो असतात ना, त्या ओळीत दोघांचे चेहरे आले. एकानं छापणाऱ्याला फोन केला, की माझा डाव्या टोकाला घाल आणि त्याचा उजव्या. छापणारा धंद्यात मुरलेला, त्यानं मध्ये अख्खं गाव घातलं. सभेत दोघांनी एकाच नावाच्या घोषणा दिल्या, आणि सभा सुटल्यावर एक मंडपाच्या पुढून गेला, एक मागून. नोव्हेंबरात विधानसभेला मोहिते पडले, ठाकरेंच्या सेनेचे बाबाजी काळे आले, तेव्हा या दोघांनी कुणाचं काम केलं ते मी विचारलं नाही. विहिरीच्या मोटरचं भांडण मात्र चालूच आहे.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं प्रवचन असतं, की बघा, नेते वर एका ताटात जेवतात आणि तुम्ही खाली डोकी फोडून घेता. बाळासाहेब ठाकरे सभेत शरद पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हणायचे, आणि 2006 ला सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा सेनेनं समोर उमेदवार दिला नाही, त्या बिनविरोध गेल्या, हा किस्सा तू दहा वेळा ऐकला असशील. मला तो अर्धाच आवडतो. घरोबा होता हे उत्तमच. पण मैदानातल्या शब्दांनी जो पोरगा पेटून घरी जायचा, त्याला या घरोब्याची कोणी कल्पना दिली होती? वर मैत्री आणि खाली वैर, ही काही राजकीय सभ्यता नव्हे. ती फार तर वरच्यांची सोय.

मला त्यापेक्षा ज्यांचं भांडण खरं होतं त्यांची गोष्ट जवळची वाटते. सुरत, 27 डिसेंबर 1907. काँग्रेसचं अधिवेशन. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष ठरलेले, आणि टिळक अध्यक्षनिवडीवर बोलायचंच म्हणून व्यासपीठावर चढले. परवानगी नाकारली गेली तरी हाताची घडी घालून उभेच. मवाळांकडची तरुण मंडळी त्यांच्या अंगावर धावून निघाली. तेव्हा टिळकांच्या शेजारी येऊन, दोन्ही हात पसरून त्यांना आडोसा कोणी केला असेल? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. त्याच गोंधळात सभेतून तो प्रसिद्ध जोडा उडत आला. नेव्हिन्सननं जोड्याचंही बारकाईनं वर्णन केलंय, मराठी घडणीचा, तांबूस चामड्याचा, पुढे निमुळता, तळाला शिसं ठोकलेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. नेम नक्की कोणावर धरला होता यावर पुढे पुष्कळ वाद झाले. जोडा मराठी होता यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत, त्यामुळे आपण फार ताठ मानेनं सांगावं असं काही नाही.

गोखले मध्ये उभे राहिले म्हणून त्यांनी टिळकांचं मत मान्य केलं असं बिलकुल नाही. काँग्रेस फुटली ती फुटलीच. टिळक मंडालेला सहा वर्षं काढून 1914 ला परत आले, आणि त्यांना काँग्रेसमध्ये पुन्हा घ्यायचं की नाही यावरून दोघांची नव्यानं जुंपली. ते धुमसत असतानाच 19 फेब्रुवारी 1915 ला गोखले गेले. वय अवघं 48. टिळक सिंहगडावर होते, ते पुण्यात आले आणि स्मशानात बोलायला उभे राहिले. जमलेल्यांना म्हणाले की ही वेळ टाळ्यांची नाही. गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा म्हटलं आणि या माणसासारखं काम करा असं लोकांना सांगितलं. गोखल्यांचा मार्ग त्यांना आदल्या दिवशी पटत नव्हता आणि दुसऱ्या दिवशीही पटला नाही. मार्गाशी भांडण होतं, ते मार्गाशीच राहिलं.

लगेच 'गेले ते दिवस' म्हणून उसासा टाकू नकोस. याच पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. संमतिवय, विधवांचं केशवपन यांवर आगरकरांशी वाद घालता येत होता, आणि टिळक तो घालतही होते. पण प्रेतयात्रा काढणाऱ्याला आगरकरांनी कोणतं उत्तर द्यायचं? मरून दाखवायचं?

आचार्य अत्र्यांचं उदाहरण मला फार उपयोगी पडतं, कारण त्यांच्या शब्दांना सभ्य म्हणायची कोणाची छाती नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी 'मराठा'तून त्यांनी नेहरूंना काय म्हणायचं बाकी ठेवलं होतं? पण त्या टॅगवर कारण लिहिलेलं होतं, मुंबईसह महाराष्ट्र. 1 मे 1960 ला तो मिळाला. 1964 च्या मेमध्ये नेहरू गेले, तेव्हा त्याच अत्र्यांनी त्याच 'मराठा'त 'सूर्यास्त' म्हणून तेरा लेखांची माळ लिहिली, आणि ती वाचून लोक रडले. यशवंतराव चव्हाणांच्या बाबतीत मात्र अत्र्यांची लेखणी एकदा माणसाच्या घरात शिरली असं सांगतात. त्यांना मूल नाही यावरून अत्र्यांनी टोचलं. बेचाळीसच्या चळवळीत पत्नी वेणूताईंना पोलिसांकडून जे सोसावं लागलं त्यामुळे घरात पाळणा हलला नाही, असं यशवंतरावांनी शांतपणे कळवलं, आणि अत्रे घरी जाऊन वेणूताईंची माफी मागून आले. यशवंतरावांवरचे राजकीय वार त्यानंतरही थांबले नाहीत, आणि थांबायचं कारणही नव्हतं.

आता तुमच्या देशाकडे वळतो, नाहीतर म्हणशील, माझं राहिलंच. तुमच्याकडे हे काल सुरू झालेलं नाही. मे 1856 मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांना काँग्रेसमन प्रेस्टन ब्रुक्सनं सिनेटच्या सभागृहात काठीनं बेशुद्ध होईपर्यंत मारलं. काठी मोडली, तर दक्षिणेतल्या समर्थकांनी ब्रुक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या. समनर गुलामगिरीच्या विरुद्ध बोलले होते, आणि त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच भाषणात त्यांनी वयोवृद्ध सिनेटर बटलर यांच्या अडखळत्या, थुंकी उडणाऱ्या बोलण्याचीही टर उडवली होती. बटलर हे ब्रुक्सचे नातेवाईक. समनर बरोबर होते म्हणून ती टर बरोबर ठरत नाही, आणि ती टर होती म्हणून काठी तर मुळीच बरोबर ठरत नाही. हे दोन्ही एकाच वेळी मान्य करायला आपल्याला इतकं जड का जातं, देव जाणे.

जॉन मॅकेनचं तू मेसेजमध्ये म्हणालास ते मलाही आठवतं. ऑक्टोबर 2008, मिनेसोटातली सभा. एक बाई माइकवर म्हणाली की ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी माइक घेतला आणि सांगितलं, की तसं नाही बाई, ते सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत, इतकंच. त्या सभेत मॅकेनना स्वतःच्याच लोकांची हुर्यो ऐकावी लागली. मोठं मन खरं, पण माझं क्वालिटीवाल्याचं डोकं तिथेही अडकतंच. अरब असते तर सभ्य नसते का?

आणि आता तो आकडा, जो वाचून मला आळंदीतली मंगल कार्यालयं डोळ्यांपुढे आली. स्टॅनफर्डचे शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहिला. तुमच्याकडे 1960 साली लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का? दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपासच लोक 'हो' म्हणाले. तसंच 2010 ला विचारलं, तर रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश नाराज. पन्नास वर्षांत पक्षाची सोयरीक तुटली!

आता आळंदीत बघ. महाराष्ट्रभरातून घरच्यांना न जुमानता आलेली जोडपी इथे लग्न लावतात. कार्यालयवाला आधार कार्ड मागतो, वयाचा पुरावा मागतो, फोटो मागतो, साक्षीदार मागतो. 'पोरगा कुठल्या पक्षाचा?' असं विचारताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. त्या पोरींचे बाप मागून जीप घेऊन येतात ते कशासाठी येतात, हे तुला सांगायला नको. तुमच्याकडे पक्षाची जात झाली, आमच्याकडे जात आधीपासून होती, ती अधूनमधून पक्षाचा शर्ट घालते. 2023 च्या आंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठवाड्यात मराठा-ओबीसी तेढ अशी वाढली की लोकसभेच्या वेळी बीड जिल्ह्यातून एकमेकांच्या दुकानात न जाण्याच्या बातम्या येत होत्या. आरक्षण कोणाला, किती, कोणत्या कोट्यातून, हा कायद्याचा आणि आकड्यांचा प्रश्न, त्यावर कितीही भांडावं. किराणा कोणाकडून घ्यायचा हा कोणत्या आयोगापुढचा प्रश्न होता? आमच्या लाइनवर बीडची दोन पोरं आहेत, एकाच गावची, एक मराठा, एक वंजारी, मरकळ रोडला एका खोलीत राहतात. भाडं निम्मं निम्मं, डबा एकत्र. गावी जाताना एकाच एसटीनं जातात आणि गावाच्या आधीच्या फाट्यावर एक जण उतरतो. का, ते मी एकदा विचारलं. "घरी बोलतात, सर," एवढंच म्हणाला.

तुझी लेक म्हणते की द्वेष करण्याजोगी माणसं असतात, त्यांचा द्वेष केला तर बिघडलं कुठे. तिच्या वयाला शोभणारं बोलते आहे, तिला रागावू नकोस. पण तिला विचार, की द्वेषाचा फायदा नक्की होतो कोणाला? तुमच्याकडे 2017 ला स्टीव्ह स्कॅलिस यांच्यावर गोळ्या झाडल्या, जुलै 2024 ला बटलर गावच्या सभेत गोळी ट्रम्प यांच्या कानाला चाटून गेली, जून 2025 ला मिनेसोटात मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला राहत्या घरी मारलं, सप्टेंबरात चार्ली कर्क यांना युटामध्ये. कधी या पक्षाचं माणूस, कधी त्या. झाडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे दर वेळी कळतंच असं नाही. पण दुसऱ्या दिवशी कोण कोण हळूच खूश झालं ते दिसतं, आणि मला भीती त्याची वाटते. आपणही हसावं असं नाही. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांना मारलं, 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तेव्हाही 'वाईट झालं, पण...' म्हणणारे माझ्याच बसमध्ये होते. 1948 ला गांधीजींच्या खुनानंतर खुन्याची जात पाहून घरं पेटवली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. गांधीजींच्या नावानं!

तू माउलींचं नाव काढलंस म्हणून सांगतो. पसायदान आपण शाळेत रोज म्हणायचो, जांभया देत. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या पोरानं काय मागितलं ते आता नीट बघ. गावानं संन्याशाची पोरं म्हणून ज्याला भावंडांसकट दाराबाहेर ठेवलं, त्यानंच सगळ्यांसाठी मागणं मागितलं, आणि दुष्टांचा नायनाट कर असं त्यात कुठेही नाही. त्यांचं वाकडेपण गळून पडो, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, असं आहे. म्हणजे दुष्टाला दुष्ट म्हणायला ते कचरले नाहीत हेही लक्षात घे. लोक ही बाजू सोयीनं विसरतात आणि 'सगळे चांगलेच' असं गुळमुळीत कीर्तन लावतात. वाकडं आहे हे आधी म्हणावंच लागतं.

आणि इथे म्हणू देत नाहीत, हा आमचा खरा रोग. इंद्रायणीला फेस येतो ते तू व्हिडिओत पाहिलंस. कार्तिकीला लाखो वारकरी येतात आणि घाटावर साबणाच्या पाण्यासारख्या पांढऱ्या फेसात स्नान करतात. वरची गावं आणि शहरं सांडपाणी प्रक्रियेविना सोडतात, त्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं, ते खाली आमच्याकडे येतं. यात गूढ काही नाही. परवा एका बैठकीत एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं उठून विचारलं, की प्रक्रिया केंद्र किती पाण्याचं, चालू किती तास असतं आणि विजेचं बिल कोण भरतं. इतका चांगला लाल टॅग मी आमच्या ऑडिटरकडूनही पाहिलेला नाही. उत्तर काय आलं असेल? मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "माउली, तुम्ही कोणाकडून आलात?" झालं. पुढचा सगळा वेळ तो म्हातारा कोणाचा माणूस आहे यावर गेला. एका बाजूनं त्याला हाणलं, दुसऱ्या बाजूनं त्याला आपला म्हणून उचलून धरलं, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते चहा पिऊन निघून गेले. पंप किती तास चालतो ते कोणालाच सांगावं लागलं नाही.

म्हणून तुझ्या शेजाऱ्याचं सांगतो. त्याला मत बदलायला सांगू नकोस आणि तूही बदलू नकोस. पुन्हा कधी कुंपणापाशी गाठ पडली तर एकच विचार, 'तुझ्या पक्षाचं कोणतं एक काम तुला पटलं नाही?' एखादं काम त्यानं सांगितलं तर तुझ्या पक्षाचं एक तूही सांग, तयारीनं जा. लेकीलाही तोच प्रश्न विचार. तिघांची उत्तरं मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे. त्यानं मान वळवली तर वळवू दे, पुढच्या बर्फात आधी त्याच्या दारातलं उपस म्हणजे त्याला निदान चिडायला नवीन कारण मिळेल.

वहिनींना नमस्कार. लेकीला सांग, काकाला वाद घालायला माणूस हवंय, रात्री साडेनऊच्या आत फोन कर, नंतर फर्स्ट शिफ्टची झोप असते.

तुझा,
आळंदीवाला

ता. क. कार्तिकीला येणार असशील तर आत्ताच सांग. एकादशीच्या आधी खोली मिळत नाही आणि भाडं ऐकून तुलाही माणसाचा द्वेष वाटू लागेल. गोधड्या आमच्याकडे आहेत, तिकीट तेवढं तू काढ.